कोठडीच्या दाराबाहेरचे मृत्यू

सांगलीत पोलिसांच्या ताब्यातल्या मृत्यूचा विषय निघाला की नोव्हेंबर 2017 आठवतोच. शहर पोलीस ठाण्यातला तरुण मारहाणीत गेला, मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला आणि ‘आरोपी पळाला’ असं सांगितलं गेलं, या आरोपाखाली पोलिसांनाच अटक झाली. तपास सीआयडीकडे गेला. तेव्हापासून आपली चर्चा ‘कोठडी’ या शब्दाभोवती फिरते. इंग्लंडमधून पाहताना तो शब्दच तोकडा वाटतो.

इथे मोजला जातो पोलिसांशी आलेला ‘संपर्क’. तो प्रत्यक्ष असो वा अप्रत्यक्ष, मृत्यूला त्याचा हातभार लागला असण्याची शक्यता दिसली की पोलिसांनी ते आयओपीसी या स्वतंत्र यंत्रणेला कळवावंच लागतं, फार तर दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपर्यंत. घरच्यांच्या तक्रारीची वाट पाहायची नाही. पाठलागात झालेला अपघात त्यात येतो. कोठडीतून सुटल्यावर दोन दिवसांत केलेली आत्महत्याही वार्षिक आकडेवारीत वेगळी मोजतात. तपास कुणी करायचा, हे ती यंत्रणा ठरवते.

आता मिरजेतला माणूस डोळ्यांसमोर आणा. दुपारी ‘चौकशीला’ बोलावलं. अटक नाही, म्हणून अटक पंचनामा नाही, वैद्यकीय तपासणी नाही. रात्री साडेअकराला सोडलं, पहाटे घरी दगावला. अकस्मात मृत्यूची नोंद त्याच ठाण्यात, पंचनामाही तिथलाच कर्मचारी करणार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 प्रमाणे ताब्यातल्या मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्यांनी करायची असते. पण हा ताब्यात होता का, यावरच घोडं अडतं, कारण स्टेशन डायरीत तो आल्याची ओळच नसते.

अशा वेळी सीसीटीव्ही हाच साक्षीदार. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये ठाण्यांतलं चित्रण 18 महिने, निदान वर्षभर जपायला सांगितलं आहे. तरी घरच्यांनी थांबू नये. त्याच दिवशी पोलीस अधीक्षक आणि दंडाधिकारी या दोघांना लेखी अर्ज द्यावा: किती ते किती वाजेपर्यंतचं फुटेज, कोणत्या दाराचं, शवविच्छेदनाचं व्हिडिओ चित्रण हवं, अंगावरच्या खुणा अशा अशा. पोच घ्यावी. ‘व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला’ एवढ्यावर परत फिरू नये. दंडाधिकाऱ्यांची चौकशी लागली तर शक्य तिथे नातेवाइकांना कळवून हजर राहू द्यावं, असं कायदाच सांगतो.

इंग्लंडमध्ये सगळं सुरळीत आहे असं नाही. टेलफर्डमध्ये 2016 साली माजी फुटबॉलपटू डॅलियन अ‍ॅटकिन्सन टेझर (विजेचा धक्का देणारं शस्त्र) आणि लाथांच्या माऱ्यानंतर दगावले. पोलिसाला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली 2021 मध्ये, आणि असा निकाल तीस वर्षांहून अधिक काळात पहिलाच होता. घरच्यांनी पाच वर्षं काढायची, हा न्याय फारच उशिराचा. पण निदान मृत्यूची नोंद तरी दडपली गेली नाही.

महाराष्ट्रात पोलीस सुधारणांबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या प्रकाशसिंह निकालानंतर, 2014 च्या कायदादुरुस्तीने राज्य आणि विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणं आली. सांगली-साताऱ्याचा विभाग पुण्याचा. म्हणजे घरचं माणूस गमावलेल्याने स्वतः तिथवर तक्रार पोहोचवायची! हे ओझं ठाण्यावर हवं. चौकशीला बोलावून सोडलेला माणूस 48 तासांत दगावला, तर ठाण्याने 24 तासांत प्राधिकरणाला कळवलंच पाहिजे, असा नियम करावा. त्यासाठी आधी ठाण्याच्या दाराशी एक वही हवी: कधी आला, कधी गेला, त्याची सही, आणि त्या पानाची प्रत त्याच्या हातात.