मस्कोगींच्या युद्धात जॅक्सनने मित्रांचीही जमीन घेतली

अमेरिकेच्या वीस डॉलरच्या नोटेवर ज्या अँड्र्यू जॅक्सनचा चेहरा आहे, त्याचा दबदबा वाढला तो १८१३-१४ मध्ये, आजच्या अलाबामात, मस्कोगी म्हणजेच क्रीक या तिथल्या मूलनिवासी लोकांविरुद्धच्या युद्धात. हे युद्ध ‘इंडियन विरुद्ध गोरे’ असं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. तसं सांगितलं की त्यातला सगळ्यात मोठा विश्वासघात झाकला जातो.

आग आधी मस्कोगींच्या घरातच लागली होती. सरकारी एजंट बेंजामिन हॉकिन्स त्यांना नांगर, चरखा आणि गोऱ्यांची शेती शिकवत होता. काही गावांना ते मानवलं, विशेषतः जॉर्जियाच्या जवळच्यांना. कूसा आणि टॅलापूसा नद्यांकाठच्या अनेकांना मात्र त्यात आपला अंत दिसत होता. १८११ मध्ये शॉनी या दुसऱ्या मूलनिवासी जमातीचा नेता टेकम्से येऊन गोऱ्यांविरुद्ध एकजुटीची हाक देऊन गेला. पुढे गोऱ्यांच्या हत्यांबद्दल मस्कोगींच्या राष्ट्रीय परिषदेने हॉकिन्सच्या दबावाखाली आपल्याच माणसांना ठार केलं, आणि रेड स्टिक्स म्हणवणारे बंडखोर परिषदेवरच उठले. ऑगस्ट १८१३ मध्ये त्यांनी फोर्ट मिम्स या गढीवर हल्ला करून बायकामुलांसकट शेकडो माणसं मारली. मेलेल्यांत मस्कोगी रक्ताची कुटुंबंही होती. त्या क्रौर्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण टेनेसी आणि जॉर्जियाच्या फौजांना आत शिरायला निमित्त मिळालं ते यातूनच.

२७ मार्च १८१४. टॅलापूसा नदीच्या नालाकृती वळणावर, हॉर्सशू बेंडला, सुमारे हजार रेड स्टिक्स ओंडक्यांच्या तटामागे उभे होते. जॅक्सनच्या तोफांना तो तट फुटेना. तेव्हा त्याच्या बाजूने लढणाऱ्या चेरोकी या दुसऱ्या मूलनिवासी जमातीच्या लोकांनी पोहत जाऊन पलीकडच्या होड्या पळवल्या आणि मागून हल्ला चढवला. जॅक्सनच्या बाजूला मस्कोगीही होते. संध्याकाळपर्यंत आठशेच्या वर रेड स्टिक्स मेले. प्रेतं मोजताना गोंधळ होऊ नये म्हणून सैनिकांनी प्रत्येकाच्या नाकाचा शेंडा कापला. जमिनीवरचा आकडा ५५७, नदीत गेलेले वेगळे.

आणि मग ९ ऑगस्टचा फोर्ट जॅक्सनचा तह! दोन कोटी एकरांहून जास्त जमीन गेली, आणि त्यातली बरीच जॅक्सनच्या मित्र गावांची होती. सह्या करणारे जवळजवळ सगळेच सरदार त्याचे साथीदार होते. त्यांनी विनवलं, जुन्या करारांची आठवण दिली. जॅक्सनचं म्हणणं काय, तर टेकम्से आला तेव्हा तुम्ही त्याला पकडून का दिलं नाही? याला मी निव्वळ लूट म्हणते. त्या जमिनीवर कापूस आला, कापसाबरोबर गुलामांचे तांडे आले आणि १८१९ मध्ये अलाबामा राज्य झालं.

पुढेही तेच. १८३६ मध्ये शेकडो मस्कोगी लढवय्ये अमेरिकेच्या बाजूने फ्लोरिडात सेमिनोल या मूलनिवासी जमातीशी लढत होते, आणि मागे छावण्यांत ठेवलेल्या त्यांच्या कुटुंबांना स्थानिक गोरे लुटत, छळत होते. शेवटी त्यांनाही पश्चिमेला हाकललं. होड्या पळवून लढाई फिरवणाऱ्या चेरोकींची पाळी १८३८ मध्ये आली, जॅक्सननेच राष्ट्राध्यक्ष म्हणून सही केलेल्या, मूलनिवासींना पश्चिमेला हलवण्याच्या १८३० च्या कायद्याच्या धोरणाखाली.

२०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केलं की ओक्लाहोमातलं मस्कोगींचं आरक्षित क्षेत्र संसदेने कधीच रद्द केलेलं नव्हतं. या निकालाचा मला मनापासून आनंद झाला. पण हा न्याय त्यांना हाकलून नेलं त्या जमिनीपुरता आहे. टॅलापूसाकाठच्या जमिनीचा हिशेब आजही तसाच पडून आहे.