टायर माझा, हवा जगाची

पेट्रोल पंपावर टायरात हवा भरणाऱ्या पोराला मी २८ पॉइंट (पीएसआय) सांगितलं. लग्नाच्या पंगतीत कुणी अर्धी पुरी मागावी, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, बत्तीस तर अल्टोला मारतो. एवढ्या टायरला पंचेचाळीस तरी पाहिजे!"

रविवारी चिखलात जायचं म्हणून थारच्या टायरांची हवा १८ वर आणली होती. परत भरताना माझ्या छोट्या कॉम्प्रेसरने दम तोडला. म्हणून रांगत, ताशी चाळीसच्या वर न जाता, हा पंप गाठला. टायर आहेत २८५/७० आर १७, म्हणजे जवळजवळ ३३ इंच उंच. त्याला म्हटलं, "अरे, टायर मोठा म्हणजे हवेला जागा जास्त. गाडीचं वजन तेवढंच आहे, मग दाब कमी लागतो." तो म्हणाला, "ट्रकला शंभर मारतो." ट्रकवर दहा टन माल असतो, माझ्या गाडीत मी आणि एक ओला टॉवेल होता. पण हे बोलायच्या आत काका आले.

काका अ‍ॅक्टिव्हा घेऊन मागे उभे होते. घाई नव्हती. त्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि माझ्या मागच्या टायरला एक लाथ घातली.

"बसलाय की हो हा!"

"रेडियल आहे काका, खाली थोडं पोट दिसतंच."

"आमची पद्मिनी होती. हवा कधी मोजली नाही. अंगठ्याने दाबायचं, कळतं." असं म्हणून त्यांनी खरंच अंगठा लावला. या टायरच्या भिंती इतक्या जाड असतात, की दहावरसुद्धा अंगठ्याला दाद देत नाहीत. काकांचा अंगठा पांढरा पडला.

"जास्त झालीये," ते म्हणाले.

"आत्ता बसलाय म्हणालात ना?"

"ते दिसायला." मग चष्मा कपाळावर सरकवून ते टायरवरचं बारीक वाचायला खाली बसले आणि एकदम ओरडले, "हे काय! इथेच लिहिलंय, ६५!"

"ती कमाल मर्यादा आहे. पूर्ण भार लादल्यावरची."

"म्हणजे कंपनीला अक्कल नाही?"

पोराला तेवढंच हवं होतं. वडीलधाऱ्या माणसाने आकडा वाचून दाखवला म्हटल्यावर माझं काय चालणार? मशीनवर ४५ लागले, आणि मी चाकाला वळसा घालून पोचेपर्यंत टूं टूं वाजलंसुद्धा.

हे २८ मला स्वप्नात दिसलेले नाहीत. दाराच्या खांबावरचा हवेच्या दाबाचा स्टिकर कंपनीच्या मूळ टायरांपुरता असतो, टायर बदलले की तो शोभेचा. मग उरतो खडू. टायरवर आडवी जाड रेघ मारायची, कोरड्या सपाट रस्त्यावर सरळ थोडं जायचं आणि उतरून बघायचं. रेघ मधेच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. एकसारखी पुसली तर जमलं. माझी २८ ला एकसारखी पुसली. त्या वेळी वॉचमनने विचारलं होतं, दृष्ट काढताय का? बरं, हे सगळं थंड टायरवर मोजायचं. चालून आलेला टायर तीन-चार पॉइंट जास्तच दाखवतो, म्हणजे ४५ वरून परत २८ वर यायला सकाळपर्यंत थांबणं आलं.

तोवर घरी जायचंच होतं. फुगलेला टायर मधल्या पट्ट्यावर नाचतो, पावसात पकड सोडतो आणि पुण्यातला प्रत्येक गतिरोधक थेट मणक्यात पोचवतो. हवा जास्त असो की कमी, झिजतो माझा वीसेक हजारांचा टायर. यांचं काय जातं? हवा फुकट असते म्हणतात, तरी पोराचा हात पुढे असतोच, आणि दोन पंपांच्या मीटरचं एकमेकांशी कधी पटत नाही.

दहा रुपये काढत होतो, तेवढ्यात काकांनी अ‍ॅक्टिव्हा पुढे घेतली.

"पुढे २२, मागे २९," काकांनी बजावलं. "एक पॉइंट इकडचा तिकडे झालेला चालणार नाही."

"हो काका," पोरगा म्हणाला, आणि वाकून, डोळे मीटरला लावून, अगदी तेवढीच भरली.