फॉरेन्सिकची जागा घ्यावी का?

२०२३ मध्ये रिकाम्या जागा भरायला नीट-पीजीची, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेची, पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली (परीक्षा दिलेला प्रत्येकजण पात्र), तेव्हा गुणवत्तेवरून खूप वाद झाला. फॉरेन्सिक मेडिसिनसारख्या (न्यायवैद्यक, म्हणजे मृत्यूचं कारण शोधणारं शास्त्र) विषयांकडे मुलं पाठ का फिरवतात, यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही.

या विषयातली एमडीची जागा घ्यावी का, हा प्रश्न आता माझ्या भाचीपुढे आहे. "मावशी, घरचे म्हणतात, प्रॅक्टिस नाही, पैसा नाही, आयुष्यभर प्रेतं चिरत बसशील." मी अमेरिकेत मेडिकल एक्झामिनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंचं कारण ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरच्या, कार्यालयात काम करते, म्हणून तिने मला विचारलं. मी म्हटलं, घे.

लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईने आत्महत्या केली किंवा ती संशयास्पदरीत्या गेली, तर आपला कायदा शवविच्छेदनाकडे बोट दाखवतो. पण ते करणार कोण? ग्रामीण रुग्णालयात बहुतेकदा ओपीडी सांभाळणारा एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी. गळफास की आवळलेला गळा, हे वरवर बघून कळत नाही. आधी डोकं आणि छाती उघडून मानेतलं रक्त ओसरू द्यायचं, मग एकेक स्नायू सुटा करत खाली जायचं, शेवटी जिभेखालचं हाड तपासायचं. घाईत हे होत नाही, आणि एकदा चुकीचं कापलं की पुन्हा बघायला काही उरत नाही.

इथे अमेरिकेत मृत्यू नैसर्गिक, अपघाती, आत्महत्या की दुसऱ्याच्या हातून झालेला, हे माझ्या सहीने ठरतं. ठरवता आलं नाही, तर तसंही लिहिता येतं. कार्यालयाचा तपासनीस घटनास्थळी जातो, औषधाच्या बाटलीवरची तारीख टिपतो, उरलेल्या गोळ्या मोजतो. आपल्याकडे पंचनामा पोलिसांचा असतो आणि डॉक्टरला बहुतेक वेळा फक्त प्रेत दिसतं. मुंबईत कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, होता, १८७१ च्या कायद्याखालचा. १९९९ मध्ये ते पद गेलं, आणि पोलिसांबाहेरची एक नजरही गेली.

इथलं सगळं चांगलं आहे असं मात्र नाही. कित्येक काउंटींत (जिल्ह्यांत) कोरोनर निवडणुकीतून येतो, तो डॉक्टर असावाच असं नाही. तज्ज्ञ कमी आहेत. एका डॉक्टरने वर्षाला २५० हून जास्त शवविच्छेदनं करू नयेत, असं आमच्या राष्ट्रीय संघटनेचं म्हणणं आहे. ते सगळीकडे पाळलं जात नाही. आणि इकडे यायचं तर भारतातली एमडी पुरत नाही. यूएसएमएलई ही तिथली डॉक्टरी परवाना परीक्षा, पॅथॉलॉजीची तीन-चार वर्षांची रेसिडेन्सी, वर एक वर्षाची फेलोशिप. परदेशाच्या आशेने ही जागा घेऊ नकोस, हेही तिला स्पष्ट सांगितलं.

आपल्याकडे नुसत्या जागा भरून भागणार नाही. प्रत्येक जिल्ह्यात पूर्णवेळ फॉरेन्सिक तज्ज्ञ हवेत, त्यांना घटनास्थळी जायचा अधिकार हवा आणि क्लिनिकल डॉक्टरांच्या बरोबरीचा पगार हवा. पात्रता खाली आणायला सरकारला एक परिपत्रक पुरलं. या मागण्यांसाठी पैसे लागतील, ते सरकारने द्यावेत.