३५० फॅरनहाइट आणि आमच्या गल्लीतली भट्टी

लेकीला बेंगळुरात नोकरी लागली, तेव्हा घरात ठरलं होतं की चार माणसांना मटणाचं जेवण घालायचं. सुकं, तांबडा रस्सा, भाकरी, भात आणि शेवटी कुंदा. बेळगावात याच्यापुढं काही मागणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पण लेक म्हणाली, "पप्पा, पंगत नको. उभ्यानं हातात धरून खायचं काहीतरी करूया," आणि मोबाइल माझ्या नाकाला लावला.

गरम रोस्ट बीफ स्लायडर. लहान लहान गोडसर पावांची अख्खी लादी आडवी चिरायची. खालच्या भागावर भाजलेल्या गोमांसाच्या पातळ चकत्या, त्यावर चीज, त्यावर हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाचं झणझणीत सॉस, मग वरचं झाकण. त्यावर लोणी, वुस्टरशर सॉस आणि खसखस फासून ओव्हनमध्ये वीसेक मिनिटं. यात कष्ट असे काहीच नाहीत, असं व्हिडिओतली बाई हसत हसत सांगत होती. तिच्यामागं चार शेगड्यांएवढा ओव्हन होता, आणि तिच्या घरात आत्या नव्हती.

बीफचा विषय उंबऱ्याबाहेरच संपला. आमच्या घरात ते कधी शिजलेलं नाही, आणि कर्नाटकात २०२१ पासून कायदाही कडक आहे. म्हणजे मटण. आणि मटण म्हटलं की पहिला प्रश्न मसाल्याचा नसतो, वाराचा असतो. सोमवार शंकराचा. मंगळवार आणि शुक्रवार यल्लम्माचे. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरला रविवार, तर आत्याचा रविवार जोतिबासाठी राखीव. आत्याला वगळून पार्टी करणं शक्य होतं, पण मग पुढची दहा वर्षं तेच ऐकावं लागलं असतं. बुधवार काढला तर त्या बुधवारी संकष्टी. शेवटी त्याच्या पुढचा बुधवार पक्का झाला.

"बुधवारी पार्टी कोण करतं पप्पा?"

"देवाधर्माची माणसं," मी म्हटलं.

खाटकाकडं मी एकटाच गेलो. "मांडीचा गोळा द्या, अख्खा, हाड काढून," असं म्हटल्यावर त्यानं सुरा खाली ठेवला.

"हाड काढून? मग खाणार काय वो?"

"भाजून त्याच्या पातळ चकत्या करायच्या आहेत."

"रश्श्याला?"

"रस्सा नाही."

मागं रांगेत उभे असलेले सगळे माझ्याकडं बघायला लागले. मटण घेऊन रस्सा न करणाऱ्या माणसाकडं आमच्याकडं ज्या नजरेनं बघतात, ती नजर घरात कुणी आजारी आहे काय, अशी असते. त्यानं गोळा सोडवून दिला, पण नळी आणि हाडं वेगळ्या पिशवीत घातली आणि म्हणाला, "आईसाहेबांना द्या. त्यांना कळतंय."

पावाचं सोपं होतं, असं वाटलं होतं. व्हिडिओतले पाव हवाई बेटांवरचे. तिथं पोर्तुगीज मजूर उसाच्या मळ्यांवर गेले आणि आपला गोड ब्रेड घेऊन गेले, त्याचेच हे वंशज. आपला पावही पोर्तुगीजांनीच गोव्यात आणला आणि तिथून घाट चढून वर आला. म्हणजे दोन्ही पाव नात्यानं चुलतभाऊच. एक भाऊ अमेरिकेत जाऊन गोड बोलायला शिकला, दुसरा इथं राहून उसळीत बुडाला. लोण्यात थोडा गूळ विरघळवून आम्ही हा फरक मिटवला. वुस्टरशर सॉसमध्ये चिंच असते, हे कळल्यावर तर हिनं बाटलीचा विचारच सोडून दिला आणि चिंचेचा कोळ काढायला घेतला. त्यात माशांचंही काहीतरी असतं, ते मी तिला सांगितलं नाही.

हॉर्सरॅडिशपाशी मात्र लेक अडली. ते मूळ बाजारात कुठंच मिळेना. आईनं विचारलं, "कसं लागतंय ते?" लेक म्हणाली, "जिभेला नाही आजी, नाकात जातं. मेंदूपर्यंत." आई काही बोलली नाही. उठली, मोहरी घेतली आणि पाणी शिंपडत फेसायला बसली. मोहरी अशी नुसती चावली तर गरीब असते. तिला भरडून पाणी दाखवलं की मग ती काय आहे ते कळतं. हॉर्सरॅडिशचंही तसंच, किसल्याशिवाय तोंड उघडत नाही. दोघांच्या अंगात झोंबणारं द्रव्य एकच. त्यात किसलेला मुळा पिळून घातला, आंबट दही, मीठ. लेकीनं बोटावर घेऊन चाटलं, डोळे मिटले, नाक धरलं आणि मग भिंतीला टेकून उभी राहिली. "हेच," एवढंच तिला बोलता आलं. आपल्या बेळगावचा कॅम्प म्हणजे इंग्रजांच्या पलटणींची छावणी. तिथल्या साहेबांना रविवारच्या भाजलेल्या मांसाबरोबर हे मूळ लागतच असणार. आमच्या आईला कुणी विचारलं असतं तर विलायतेहून बाटल्या मागवायचा खर्च वाचला असता.

मटण आलं-लसूण-मिरपूड लावून रात्रभर मुरवलं, कुकरात शिजवलं, तुपावर चहूबाजूंनी खरपूस केलं. गरम गरम कापायला गेलो तर धागे धागे सुटायला लागले. मग फ्रिजमध्ये गार केलं आणि हिनं विळीवर, धाग्याच्या आडवं धरून, अशा चकत्या पाडल्या की पलीकडचा बल्ब दिसावा.

आता शेजारी. डाव्या हाताला लिंगायत, उजव्या हाताला जैन, दोन्ही घरं शाकाहारी आणि दोघांशिवाय आमच्या घरात पान हलत नाही. लेकीनं सुचवलं, एकाच ट्रेमध्ये मधे फॉइलची भिंत घालू. इकडं पनीर, तिकडं मटण. मी ताबडतोब नाही म्हणालो. नकाशावर रेघ मारून भागत नाही, हे सीमाभागातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. लोणी वितळलं की ते कुठल्या बाजूचं आहे हे विचारत बसत नाही. दोन ट्रे, दोन सुऱ्या, दोन फडकी.

आणि आमचा ओव्हन? तो एका वेळी एक केक आणि थोडी हवा, एवढ्या मापाचा. त्यात संध्याकाळी चारला वीज गेली. ट्रे डोक्यावर घेऊन, दिवाळीत बायका नानकटाईचे डबे नेतात तसे, आम्ही बापलेक गल्लीच्या टोकाच्या भट्टीवर गेलो.

"कितीवर ठेवायचं हे?" भट्टीवाल्यानं विचारलं.

"३५० फॅरनहाइट," लेक म्हणाली. "म्हणजे साधारण १७५ सेल्सिअस."

"ते ऱ्हाऊ दे बाई. नानकटाईच्या आधी की नंतर, तेवढं सांग."

लेक माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "पावानंतर, नानकटाईच्या आधी." त्यानं मान डोलावली, भट्टीत चिमूटभर पीठ फेकलं, ते तांबूस व्हायला किती वेळ लागतो बघितलं, आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावरून ट्रे आत सरकवला. पनीरचा ट्रे आधी, न सांगता. बाहेर आला तेव्हा चीज कडांवरून ओघळून कुरकुरीत झालं होतं आणि खसखशीचा वास अख्ख्या गल्लीत. पैसे विचारले तर म्हणाला, "एक ठेवून जावा."

संध्याकाळी सगळे आले. उभ्यानं खायचं ठरलं होतं, पण पहिल्या पाच मिनिटांत सगळे बसले, जमिनीवर भिंतीला टेकून. काकांनी स्लायडर उघडून आत काय आहे ते बघितलं, पुन्हा मिटला, खाल्ला. दुसरा खाल्ला. आत्यानं तीन संपवले, पदरानं हात पुसला आणि म्हणाली, "झाला नाश्ता. आता वाढा."

लेकीचा चेहरा बघवेना. पण आई आतून पातेलं घेऊन आलीच. खाटकानं दिलेली नळी आणि हाडं दुपारपासून मागच्या शेगडीवर होती. वाट्या फिरल्या, आणि लोक सरळ स्लायडर रश्श्यात बुडवून खायला लागले.

"पप्पा, हे असं नसतं खायचं," लेक कुजबुजली. पण असतं. लॉस एंजेलिसमध्ये भाजलेल्या गोमांसाचा पाव त्याच्याच रश्श्यात बुडवून देतात, आणि तो आधी कुणी बुडवला यावरून १९०८ साली सुरू झालेली दोन हॉटेलं वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडत आली. शंभर वर्षं उलटली तरी निकाल नाही, हे ऐकून आमच्याकडच्या जुन्या माणसांना फार बरं वाटलं.

शेजारच्या वहिनी पनीरचा तुकडा संपवून म्हणाल्या, "भाळ छलो आगेद री," म्हणजे फार छान झालंय, आणि लेकीला जवळ बोलावलं. ती मोबाइल काढून कृती सांगायच्या तयारीत उभी.

"ते पाव ऱ्हाऊ दे गं," त्या म्हणाल्या. "मोहरीचं ते कसं केलं, आजीला विचारून सांग."