निरंक असेल तर निरंक तरी लिहा हो!

काल दुपारी ३:४० ला तालुक्याच्या ग्रुपवर मेसेज आदळला. "अत्यंत तातडीचे. शाळानिहाय स्वच्छतागृहे – एकूण, चालू, बंद – आज ५ वाजेपर्यंत विहित नमुन्यात. विलंबास केंद्रप्रमुख जबाबदार राहतील." अहो, हीच माहिती आम्ही यू-डायस प्लसला, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलला, भरलीय ना? मुलांची वेगळी, मुलींची वेगळी, चालू-बंदसकट! तिथून उचलायला कुणाचे हात दुखतात?

मी केंद्रप्रमुख, माझ्या केंद्रात १४ शाळा, वर शेजारच्या केंद्राचा प्रभार, तिथल्या ११. तासाभरात २५ शाळांचा गोषवारा. गुगल शीट टाकली, लिंक दिली, वर लाल अक्षरांत लिहिलं, 'फक्त आपल्याच ओळीत भरा'. पहिली सात उत्तरं काय? "ओके सर." ओके सर म्हणजे किती स्वच्छतागृहं? एकाने वहीच्या पानाचा फोटो पाठवला, आडवा, अर्ध्या आकड्यांवर स्वतःचा अंगठा. एका गुरुजींनी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल टाकली, माझ्या मोबाइलवर ती कुठल्या तरी मंत्रासारखी दिसत होती. दोन शाळा गप्प. "नेट नाही सर." नेट नाही, पण स्टेटसला मुलाच्या वाढदिवसाचा केक होता.

४:५० ला शीट उघडली तर ११ पटाच्या वस्तीशाळेत १४ स्वच्छतागृहं! आणि ३०० पटाच्या शाळेत एक, तेही बंद. कुणीतरी एकच रकाना सॉर्ट करून ठेवलेला. आकडे चढत्या क्रमाने, शाळा जागच्या जागी. माझं डोकं फिरलं. ग्रुपवर असा काही मेसेज टाकला की आता आठवला तरी लाज वाटते. 'शिस्तभंग' हा शब्दही होता त्यात. मग शीटमध्ये कुणी काय बदललं ते दाखवणारी व्हर्जन हिस्टरी उघडली.

नाव माझंच.

पंचवीस ओळी नीट दिसाव्यात म्हणून साहेब (म्हणजे मीच) फिल्टर लावायला गेले आणि बोट घसरलं. मेसेज 'सर्वांसाठी डिलीट' केला, पण पंधरा जणांनी वाचला होता.

बरं, हे एकच असतं तर सोसलं असतं. पोषण आहाराच्या ताटांचे आकडे रोज. आधारमध्ये 'सुरज', दाखल-खारीज रजिस्टरला 'सूरज', त्यावरून पोर संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) धरायचं की नाही यावर महिनाभर खल. अपार आयडीची, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाची, संमतीपत्रं. झाड लावल्याचा फोटो, झाडासोबत मुलाचा फोटो, फोटो अपलोड केल्याचा स्क्रीनशॉट. आणि वर विचारणार, "शाळाभेटी कमी का?" वर्गात बसून शेवटचं पोराचं वाचन कधी ऐकलं, मला खरंच आठवत नाही. मी शिक्षक होतो हो कधीकाळी. बरा शिकवायचो.

तर, सगळं निस्तरून ५:१० ला गोषवारा पाठवला. ६:२५ ला उत्तर: "नमुन्यात अंशतः बदल झाला आहे. यापूर्वीची माहिती ग्राह्य धरली जाणार नाही." बदल काय? शेवटी एक रकाना वाढला. 'शेरा'.

शेरा मनातल्या मनात दिला, इथे लिहिण्यासारखा नाही. आणि नवा नमुना केंद्राच्या ग्रुपवर ढकलला. वर स्वतःच्या हाताने टाइप केलं, "अत्यंत तातडीचे."

लगेच उत्तर आलं. अंगठा.