आठ अधिक दहा

पहाटे साडेपाचला गजर बंद करायला पांघरुणातून एक हात बाहेर जातो आणि तोच हात आत येऊन बातमी देतो की आज पळण्यात काही राम नाही. मोबाईल म्हणतो तापमान 8 अंश, पण वाऱ्यामुळे 5 वाटेल. ही एक नवीनच भानगड. जे आहे ते सोसवत नाही, वर जे वाटेल त्याचीही धास्ती घ्यायची.

जाणकारांचा ठोकताळा सोपा आहे. बाहेर जेवढं तापमान असेल त्यात 10 मिळवा आणि त्या हवेला शोभतील असे कपडे घाला. आठ अधिक दहा, अठरा. हिशेब मला पटतो, माझ्या कानांना पटत नाही. पळताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा बराच मोठा हिस्सा नुसती उष्णता होऊन जातो. पळणारा माणूस म्हणजे धावती शेगडीच. पण शेगडी पेटायला दहा मिनिटं लागतात, आणि कपाटासमोर काकडत उभा असतो तो विझलेला मी. कपडे निवडायचे याने आणि भोगायचे त्या पेटलेल्याने. दोघांचं आजवर एकदाही जमलेलं नाही.

पहिल्या हिवाळ्यात मी सुती गंजी, त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट असा बंदोबस्त केला होता. दुसऱ्या किलोमीटरला जाकीट कमरेला आलं, तिसऱ्याला स्वेटर. चार बाह्या गुडघ्यांवर फटाफट आपटतायत, कानटोपी दातात, अशा थाटात मी पळत होतो. सुती कापड घाम पितं आणि धरून बसतं, हे तेव्हा कळलं. बुटाची नाडी बांधायला जरा थांबलो तर ती ओली गंजी पाठीला अशी चिकटली की मणक्यातून कळ गेली. घरी आलो तेव्हा बायकोने दार उघडून विचारलं, "पळायला गेला होतास की धुणं आणायला?"

तेव्हापासून आत घाम न धरणारं पॉलिएस्टर आणि वर पातळ विंडचीटर. हातमोजे मात्र हवेतच, कारण थंडीत शरीर पहिली काटकसर बोटांच्या रक्तात करतं. ते चढवल्यावरच नेमकं लक्षात येतं की ट्रॅकपँटची नाडी बांधायची राहिली आहे. मोजे काढा, नाडी बांधा, मोजे घाला. मग घड्याळाचं बटण दाबायचं राहिलेलं असतं.

कानटोपीचा वाद वेगळा. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते ही समजूत चुकीची आहे, डोकं म्हणजे अंगाच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा हिस्सा, असं मी एकदा बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "तुझ्या डोक्यात काही असतं ही समजूत तरी माझी कधी होती?"

आज सगळं नीट जमवलं. गंजी, विंडचीटर, मोजे, टोपी. मग वाटलं, एक जाडा टीशर्ट मध्ये असावा. मग वाटलं, नसावा. चार वेळा काढघाल झाली आणि बंद खोलीत माझी शेगडी मस्त पेटली. कपाळावरून घाम निथळत असताना बायको उठून बाहेर आली.

"आलास? आज लवकर उरकलं की!"

मी म्हणालो, "हो," आणि बुटाची नाडी सोडायला बसलो.