दादरच्या कोठीत लपवलेल्या गोळ्या

चोपडा तालुक्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने दाजींच्या दुखणं थांबवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या दादरच्या, म्हणजे ज्वारीच्या, कोठीत लपवल्या. दाजींना तोंडाचा कॅन्सर, आता फुप्फुसापर्यंत गेलेला. दोन रात्री ते भिंतीला डोकं टेकवून बसून होते. भाच्याने फोन केला तेव्हा मला कळलं. मी पोचलो तर बहिणीने मोबाईलच पुढे केला. "माले भ्याव वाटनं, भाऊ," एवढंच म्हणाली.

भाऊबंदकीच्या ग्रुपवर आलेला मेसेज होता, 'शेवटच्या स्टेजबद्दल डॉक्टर सांगणार नाहीत अशा पाच गोष्टी'. मलाही तो तीनदा येऊन गेला होता, मी पुसून टाकला. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. माझी बायको दोन वर्षांपूर्वी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. या पाचही गोष्टी आमच्या घरात घडून गेल्यात.

मेसेजमधलं पहिलं वाक्य: 'मॉर्फिन सुरू केलं की पेशंट आठ दिवसांत जातो.' साफ खोटं. आपल्याकडे मॉर्फिन सुरूच इतक्या उशिरा होतं की माणूस त्याच आठवड्यात जाणार असतो, आणि नाव गोळीवर येतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या दुखण्यासाठी औषधांच्या पायऱ्या आखून दिल्या, त्यात वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. साध्या मेडिकलवर ते मिळत नाही म्हणून लोकांना ते विष वाटतं. मिळत नाही ते १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे. २०१४ साली दुरुस्ती करून पेशंटसाठी ते सोपं केलं, तरी भीती गेली नाही.

लहान डोसपासून सुरू करायचं, गोळी साधारण दर चार तासांनी घड्याळ बघून द्यायची, दुखणं बघून डॉक्टर वाढवतात. असं दिलं तर श्वास बंद पडण्याचा धोका फार कमी. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मग उतरते. मनाने डोस वाढवला किंवा किडनी कमजोर असताना न विचारता दिलं तर धोका आहे, हे मान्य. पण बहिणीने केलं तसं एकदम बंद केलं तर दुखणं उसळतं, घाम सुटतो, अंग थरथरतं. दाजींचं तेच झालं. आणि वेळेआधी गोळी मागणारा माणूस व्यसनी झालेला नसतो, त्याला दुखत असतं. डॉक्टरांना फोन करा, डोस कमी पडतोय.

मेसेजमध्ये नाही ते मी सांगतो: मॉर्फिनने संडास घट्ट होते, जवळजवळ प्रत्येकाला. पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवं. आम्हाला कोणी सांगितलं नाही. सहाव्या दिवशी बायको मोरीच्या दाराशी पोट धरून बसली आणि म्हणाली, कॅन्सर परवडला.

दुसरं: 'पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात वर केले.' पॅलिएटिव्ह म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरचे १५१ पेशंट घेऊन अभ्यास झाला, तो २०१० साली छापून आला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह सेवा. या दुसऱ्या गटाने शेवटी जोरकस उपचार कमी घेतले, तरी ते जास्त जगले: निम्मे पेशंट ११.६ महिन्यांच्या पुढे गेले, पहिल्या गटात ८.९ महिन्यांच्या. एकाच कॅन्सरचा अभ्यास आहे, खरं. पण 'हात वर केले' म्हणणाऱ्याने याचं उत्तर द्यावं.

सलाईन काढली म्हणजे उपाशी मारलं, हे तिसरं. उलट्यांनी सुकलेल्या माणसाला सलाईन लागते, तेवढं बरोबर. पण शेवटच्या दिवसांत भूक आपोआप जाते, चढवलेलं पाणी पायात, फुप्फुसात साठू शकतं, घरघर वाढते. तेव्हा ओल्या कापसाने तोंड पुसा, ओठांना तूप लावा, कुशीवर वळवा.

चौथं, 'आधी लिहून ठेवणं हा गुन्हा', म्हणजे शेवटी मशीनवर ठेवू नका असं आधीच लिहून देणं. हेही चूक. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ला ते मान्य केलं आणि २४ जानेवारी २०२३ला सोपं केलं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. इंजेक्शन देऊन मारायला परवानगी नाही, कोणी मागतही नाही.

राहिलं पाचवं, 'पेशंटला कळू देऊ नका.' मी नेमकं तेच केलं. दवाखान्याच्या जिन्यात डॉक्टरांशी कुजबुजायचो, वर येऊन हसायचो. तिला सगळं माहीत होतं. शेवटचे चार दिवस ती शहरातल्या एका आयसीयूत नळ्यांमध्ये गेली, काचेतून बघायला दहा मिनिटं मिळायची. घरी राहायचंय का, हे मी तिला एकदाही विचारलं नाही.

म्हणून बहिणीला म्हटलं, गोळी दे, आणि झोप लागून उठले की सरळ विचार. तिने परवा सकाळी विचारलं. दाजींचं उत्तर तयार होतं. मुंबईला परत न्यायचं नाही, मशीनवर ठेवायचं नाही. सोसायटीच्या कर्जाची पावती देवघरातल्या पोथीत आहे. आणि खाट ओट्यावर टाका, तिथून केळीची बाग दिसते.

खाट टाकली आहे. रात्री दहाच्या गोळीसाठी भाच्याने मोबाईलला गजर लावलाय.